दुपारी बसतो, रात्री बोलतो: जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओला बदली ट्रान्झिस्टर शोधताना

तिसऱ्यांदा दुरुस्तीला निघालेला तो रेडिओ माझ्या टेबलावर आला तेव्हा मे महिना होता. चार सेलचा, दोन बँडचा, लाकडी पेटीतला सेट. आमच्या गिरगावच्या चाळीतल्या काकूंच्या सासऱ्यांनी घेतलेला. काकूंची तक्रार एकच होती : "सकाळी छान लागतो रे. दुपारची जेवणं झाली की आवाज बसत जातो आणि रात्री आपोआप परत येतो." याआधी दोनदा कोणीतरी आउटपुटचे, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारे, ट्रान्झिस्टर (सिग्नल मोठा करणारे तीन टोकांचे तुकडे) बदलून दिले होते. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच.

जुने सेट दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. आपण ट्रान्झिस्टरवरचा नंबर वाचतो, तोच नंबर शोधत इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पालथा घालतो, मिळाला की लावतो, आणि सेट परत येतो. माझं म्हणणं असं की नंबर सगळ्यात शेवटी बघावा. त्या जागेवरच्या ट्रान्झिस्टरला काम काय आहे, तो खरंच मेला आहे का, आणि हातात आलेला तुकडा टोपीवर (त्याच्या कवचावर) लिहिलंय तोच आहे का, हे तीन प्रश्न सुटले तर बदली भाग दहातल्या नऊ वेळा घरातच सापडतो.

आधी काकूंच्या सेटचं सांगतो. सकाळी उघडला, सेल घातले आणि मिलिअँपिअरवर मीटर ठेवून सेलच्या वायरीत जोडला. आवाज पूर्ण कमी असताना अशा लहान सेटने साधारण १० ते २० मिलिअँपिअर घ्यावेत. याने १४ घेतले. म्हणजे दुपारच्या तक्रारीत आउटपुटचा हात दिसत नव्हता. मग व्हॉल्यूमच्या नंतरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर (बाकीचे दोन बेस आणि एमिटर) मीटर लावला : चेसिसच्या (सेटच्या समाईक तारेच्या) तुलनेत ३.२ व्होल्ट. ठीक. त्या ट्रान्झिस्टरची टोपी दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि मीटरकडे बघत बसलो. काटा हळूहळू खाली येऊ लागला. मिनिटभरात १ व्होल्टच्या खाली गेला आणि निवेदिकेचा आवाज एखाद्याने उशी ठेवल्यासारखा दबला. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टोपीवर ठेवला, गार झाला, आवाज परत आला. दुपारी खोलीत जे घडत होतं तेच माझ्या बोटांनी घडवलं होतं.

कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. जुन्या सेटमधले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असतात, नंतरचे सिलिकॉनचे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्ये बेसला काहीही न देता कलेक्टरमधून थोडा प्रवाह गळतच असतो. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की ही गळती दुप्पट होते. डेटाशीटमधले आकडे २५ अंशांना दिलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेकडच्या खोलीत ३५ अंश सहज होतात. लाकडी पेटीत त्याहून जास्त. नवा असताना हा ताण सेट सोसायचा. पन्नास-साठ वर्षांत टोपीच्या सांध्यातून दमट खारी हवा आत गेली की मूळची गळतीच वाढलेली असते, आणि मग उन्हाळ्याची दुपार तिला कडेलोटापर्यंत नेते. काकूंच्या सेटमध्ये बेसला एकाच रेझिस्टरवरून बायस (ट्रान्झिस्टरला जागा ठेवणारा लहानसा प्रवाह) दिला होता, एमिटरमध्ये सावरायला काही नव्हतं. अशा जागेवर गळती थेट आवाज खाते.

आता मेलाय की नाही हे कसं ठरवायचं. ट्रान्झिस्टर काढायच्या आधी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बघा, ही माझी हात जोडून विनंती आहे. फटफट आवाज, पातळ आवाज, आवाज वाढवला की शिट्टी, या तक्रारी बहुतेक वेळा सुकलेल्या कंडेन्सरच्या असतात आणि बिचारा ट्रान्झिस्टर विनाकारण उपटला जातो. संशयाच्या कंडेन्सरवर त्याच किमतीचा चांगला कंडेन्सर ध्रुव बघून नुसता टेकवा. फरक पडला तर शोध तिथेच थांबला. पावसाळ्यानंतरची खरखर असेल तर व्हॉल्यूम आणि बँड स्विच साफ करा. आणि सतत भणभण ऐकू येत असेल तर सेट गॅलरीत किंवा गच्चीवर नेऊन बघा. शेजारचा एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर मीडियम वेव्हवर एवढा गोंगाट करतो की खराब ट्रान्झिस्टरचा भास होतो.

त्यानंतर मीटर. चालू सेटमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमध्ये ०.१ ते ०.३ व्होल्टच्या दरम्यान काहीतरी मिळायला हवं. तिथे ०.६ किंवा त्याहून जास्त दिसलं तर आतला सांधा तुटलाय किंवा कोणीतरी सिलिकॉन लावून गेलंय. बहुतेक जुने सेट पीएनपीचे आहेत (उलट ध्रुवांचे ते एनपीएन), म्हणजे सेलचं अधिक टोक चेसिसला असतं. मीटरवर उणे चिन्ह दिसलं म्हणून गोंधळू नका.

रेडिओ पूर्ण गप्प असेल आणि व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर स्पीकरमध्ये भर्र होत असेल, तर ऑडिओ जिवंत आहे, दोष पुढच्या भागात, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या भागात. तिथे ऑसिलेटर (सेटच्या आत स्वतःची लहर बनवणारा भाग) चालतोय का हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही, शेजारचा दुसरा चालू रेडिओ पुरे. बहुतेक सेटचा आयएफ (आलेलं स्टेशन आत ज्या ठराविक फ्रिक्वेन्सीवर आणतात तो टप्पा) ४५५ किलोहर्ट्झचा असतो. दोषी सेटचा काटा मुंबई केंद्राच्या ५५८ किलोहर्ट्झवर ठेवला तर त्याचा ऑसिलेटर ५५८ अधिक ४५५ म्हणजे १०१३ किलोहर्ट्झवर चालायला हवा. दुसरा रेडिओ जवळ चिकटवून १०१३ च्या आसपास ठेवा आणि पहिल्याचा गँग (स्टेशन लावायचा कंडेन्सर) हलकेच फिरवा. दुसऱ्यात शिट्टी किंवा एकदम शांततेचा पट्टा सरकताना ऐकू आला, तर ऑसिलेटरच्या ट्रान्झिस्टरला हात लावायचं कारण नाही.

एएफ ११४ ते एएफ ११७ या ट्रान्झिस्टरच्या कुटुंबाबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण यांच्यामुळे सगळ्यात जास्त चांगले सेट भंगारात गेले आहेत. उंच टोपी, चार पाय. एका टोकाला कलेक्टर थोडा लांब, मग शील्ड, मग बेस, मग एमिटर. शील्डचा पाय टोपीला जोडलेला असतो आणि बोर्डावर चेसिसला. या टोपीच्या आतल्या कथलाच्या मुलाम्यातून वर्षानुवर्षं केसापेक्षा बारीक तंतू वाढत राहतात. नासाच्या तज्ज्ञांनी अशा जुन्या एएफ ११४ च्या टोप्या उघडून ते तपासले आहेत. तंतू वाढत वाढत कलेक्टरच्या किंवा बेसच्या तारेला टेकला की तो पाय चेसिसला शॉर्ट. आतला जर्मेनियमचा तुकडा धडधाकट, पण सेट मुका.

म्हणून असा ट्रान्झिस्टर दिसला की सेल काढून टोपी आणि उरलेल्या तीन पायांत ओहम मोजा. थेट शॉर्ट दिसायला नको. दिसली तर शील्डचा पाय बारीक कटरने कापा, एवढंच. मागच्या वर्षी लालबागच्या एका आजोबांचा सेट असाच आला होता. पाय कापल्याचा कट्ट आवाज झाला आणि पुढच्याच क्षणी स्पीकरमधून मराठी बातम्या सुरू झाल्या. आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. मलाही घशात आवंढा आला, खोटं कशाला सांगू. कापूनही सुटलं नाही तर समजावं की दोन तारांना तंतू टेकलेत आणि टोपीमार्गे त्या एकमेकींना जोडल्या गेल्यात. काहीजण भरलेला कंडेन्सर टोपी आणि पायांमध्ये टेकवून तंतू जाळतात. जळतोही, पण नवा वाढतो. काकूंसारख्या माणसाला परत परत फेऱ्या मारायला लागू नयेत, म्हणून तिथे मी सरळ बदलतो. एएफ १२४ ते १२७ हे त्याच क्रमाने ११४ ते ११७ चे लहान टोपीतले भाऊ आहेत आणि मिळाले तर डोळे मिटून लावावेत, अर्थात पाय तपासून.

बदली शोधताना नंबराची भाषा येत असेल तर अर्धं काम होतं. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं सी म्हणजे ऑडिओचा, डी म्हणजे ऑडिओ पॉवर, एफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा. त्यामुळे एसी १२८ च्या जागी एएफ ११७ लावायला गेलात तर तो जळेल, आणि आयएफमध्ये एसी १२८ लावलात तर स्टेशनच लागणार नाही. त्याही आधीचे ओसी ४४, ओसी ४५, ओसी ७१, ओसी ७२ हे व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) नावांच्या पद्धतीतले : ओ म्हणजे फिलामेंट नाही, सी म्हणजे तीन टोकांचा. यातले ४४ आणि ४५ पुढच्या भागातले, ७१ आणि ७२ ऑडिओचे. त्यांच्या अंगावरचा लाल ठिपका कलेक्टरच्या बाजूचा. जपानी सेटमध्ये २एसए म्हणजे पीएनपी वेगवान, २एसबी पीएनपी ऑडिओ, २एससी एनपीएन वेगवान, २एसडी एनपीएन ऑडिओ. एवढ्यावर, नंबर कितीही अनोळखी असला तरी, त्या जागेचं काम कळतं.

मग मिळवायचा कुठून? लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या भडकमकर मार्गाला, सिलिकॉनचा कुठलाही भाग चुटकीसरशी मिळेल. जर्मेनियम मागितलं की मात्र सावध व्हा. एकदा मी तिथून आठ एसी १२८ आणले, टोप्या नव्याकोऱ्या, छपाई एकदम ठळक. घरी येऊन मीटरच्या डायोड रेंजवर बेस-एमिटर मोजला तर ०.६६. आठही सिलिकॉन. एकावर स्पिरिटचा बोळा फिरवला, तर नंबर बोळ्यावर उतरला आणि खाली जुन्या छपाईच्या खुणा दिसल्या. काकूंच्या सेटमध्ये आउटपुटला लावलेले दोन्ही तुकडेही असेच निघाले. त्यामुळे दुकानात जाताना खिशात मीटर न्या आणि पैसे द्यायच्या आधी मोजा. खऱ्या जर्मेनियमला डायोड रेंजवर साधारण ०.१५ ते ०.३५ दाखवतं. ऑनलाइन मागवलेल्यांचीही हीच परीक्षा घ्या.

माझा भरवसा मेलेल्या सेटच्या बोर्डांवर आहे. शुक्रवारी सकाळी लवकर चोर बाजारात जा, मटण स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत फुटक्या पेटीचे, स्पीकर नसलेले सेट आणि नुसते बोर्ड मिळतात. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यांचे एसी १२७, एसी १२८ देशभरच्या सेटमध्ये गेले, त्यामुळे 'बेल' छापाचे तुकडे अजून बऱ्यापैकी हाताला लागतात. असा बोर्ड आणला की मी सगळे ट्रान्झिस्टर उतरवून लगेच गळती मोजतो : ६ व्होल्ट, मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर, बेस मोकळा, कलेक्टर-एमिटरमधला प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये. लहान सिग्नलच्या तुकड्याला शंभर-दोनशेपर्यंत चालतं, एसी १२८ सारख्याला त्याहून थोडं जास्त. आकडा एका जागी थांबला पाहिजे. बघता बघता चढतच राहिला तर तो तुकडा बाजूला. हल्ली मिळणारे पाय ओळखणारे छोटे टेस्टर सोयीचे आहेत, पण खूप गळका जर्मेनियम त्यांना कधी डायोड वाटतो, कधी रेझिस्टर. त्यांच्या शब्दावर चांगला तुकडा फेकू नका.

सोव्हिएत काळातला जुना साठाही ऑनलाइन येतो. ऑडिओसाठी एमपी ४१, एमपी ४२ आणि पुढच्या भागासाठी जीटी ३२२ मी वापरलेत, दोन्ही पीएनपी जर्मेनियम, आणि अजून कधी फसवणूक झालेली नाही.

जर्मेनियम मिळालंच नाही तर सिलिकॉन लावता येतं, पण तसंच्या तसं नाही. जर्मेनियम ०.२ व्होल्टला जागा होतो, सिलिकॉनला ०.६ लागतात. समजा ६ व्होल्टच्या सेटमध्ये बेसला वरून ४७ किलोओहम आणि चेसिसकडे १० किलोओहम आहे, एमिटरमध्ये १ किलोओहम. बेसवर सुमारे १.०५ व्होल्ट आले. जर्मेनियम असताना एमिटरवर ०.८५ राहतात, म्हणजे ०.८५ मिलिअँपिअर. त्याच जागी बीसी ५५८ ठोकला तर एमिटरवर जेमतेम ०.४३ उरतात, प्रवाह निम्मा, आवाज किरटा. ४७ च्या जागी ३३ किलोओहम लावला की बेस १.४ च्या आसपास जातो आणि प्रवाह जवळपास मूळ जागी येतो. एवढा एक रेझिस्टर बदलायचा कंटाळा केल्यामुळे "सिलिकॉन चालत नाही" असं म्हणणारे मी खूप पाहिलेत. काकूंच्या सेटमध्ये एकच बायस रेझिस्टर होता, तिथे बीसी ५५८ लावून बेसला ४७ किलोओहमच्या मालिकेत १ मेगाओहमचा प्रीसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) जोडला, त्याचं वरचं टोक सप्लायवरून काढून कलेक्टरला नेलं म्हणजे तो स्वतःच सावरतो, आणि कलेक्टरवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट येईपर्यंत फिरवला. मग प्रीसेट मोजून त्या किमतीचा रेझिस्टर कायम केला.

सगळ्या जागा सारख्या नाहीत. ऑडिओच्या पहिल्या टप्प्यात सिलिकॉन उत्तम, खरखरही कमी. मिक्सर-ऑसिलेटरमध्ये (स्टेशन आणि ऑसिलेटरची लहर मिसळणाऱ्या जागेवर) २एन३९०६ सहसा चालतो, डायलच्या वरच्या टोकाला शिट्ट्या आल्या तर बेसच्या पायात ४७ ते १०० ओहम टाका. पहिल्या आयएफमध्ये मात्र मी शक्यतो जर्मेनियमच ठेवतो. तिथला बायस एजीसीशी (आवाज आपोआप समान राखणाऱ्या जोडणीशी) आणि डिटेक्टरच्या (स्टेशनमधून आवाज वेगळा काढणाऱ्या) डायोडशी बांधलेला असतो, एक सुधारायला गेलं की दुसरं बिघडतं. त्यात सिलिकॉनची बेस-कलेक्टरमधली कपॅसिटी एएफ ११७ पेक्षा जास्त असली तर आयएफ स्वतःच ऑसिलेट करू लागतो. त्यामुळे घरात एकच चांगला वेगवान जर्मेनियम उरला असेल, तर तो पहिल्या आयएफला द्या. गरज पडली तर त्याच सेटच्या मिक्सरमधला काढून तिथे लावा आणि मिक्सरला सिलिकॉन द्या. डिटेक्टरचा डायोडही जर्मेनियमचाच हवा. तिथे १एन४१४८ लावला तर लांबची स्टेशनं हरवतात.

आउटपुटची जोडी बदलताना एक कधीच बदलू नका. दोन्ही, आणि गळती व गेन (सिग्नल किती पट होतो ते) जवळजवळ सारखे असलेले. एसी १२७ आणि १२८ किंवा एसी १८७ आणि १८८ ही जोडपी आहेत. लावल्यावर पुन्हा सेलचा प्रवाह मोजा आणि दहा मिनिटं वाजवून परत मोजा. चढत असेल तर बायसचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर) किंवा डायोड टोपीपासून सुटलाय का बघा. अगदीच इलाज नसेल तर बीसी ३३७ आणि ३२७, बायसला दोन सिलिकॉन डायोड, एमिटरमध्ये प्रत्येकी १ ओहम. वाजेल, पण सेल उतरले की आवाज लवकर फाटेल, हे मालकाला आधी सांगा.

सत्तरच्या दशकानंतरच्या एनपीएन सेटमध्ये काम सोपं आहे. प्लास्टिकच्या चपट्या अंगाच्या बीसी १४८ ला बीसी ५४८, बीसी १५८ ला बीसी ५५८, बीएफ १९४ ला बीएफ ४९४, बीएफ १९५ ला बीएफ ४९५. फक्त पाय. बीएफ ४९४ चा मधला पाय एमिटर आहे, बीसी ५४८ चा बेस. डोळ्यांनी एकसारखे दिसतात आणि इथेच निम्म्या चुका होतात.

जर्मेनियम सोल्डर करताना पाय लांब ठेवा, त्यावर स्लीव्ह चढवा आणि टोपी व टाक्याच्या मध्ये चिमटा धरा. आतलं तापमान ७५ अंशांच्या वर गेलेलं त्याला सोसत नाही, आणि इतक्या खटपटीने मिळवलेला तुकडा दोन सेकंदांच्या घाईत घालवू नये.

काकूंचा सेट बंद करण्याआधी मागच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला : ऑडिओच्या पहिल्या जागेवर बीसी ५५८, बायस रेझिस्टरची नवी किंमत आणि जागा, आउटपुटला बोर्डावरून काढलेली 'बेल'ची जोडी, शांत प्रवाह (आवाज पूर्ण कमी असतानाचा) १३ मिलिअँपिअर, तारीख. असा कागद तुम्हीही लावा, कारण पुढचा कारागीर कंपनीचा जुना नकाशा घेऊन बसेल आणि त्याला बेसवर ०.६ दिसले की तो चांगला ट्रान्झिस्टर काढून टाकेल. सेट परत नेल्यावर चार दिवसांनी दुपारी अडीच वाजता मुद्दाम काकूंच्या दारात गेलो. खोलीत घामाच्या धारा लागत होत्या आणि रेडिओ कपाटावर नेहमीच्या आवाजात बोलत होता.